तिसऱ्या घंटेआधी

जाहिरातीत छापलेली वेळ असते ती पडदा उघडण्याची. घरून निघायची वेळ ज्याची त्याने काढायची. गिरगावात चारचं नाटक असेल आणि बघणारी डोंबिवलीत राहणारी, ऐंशीला टेकलेली, वॉकर घेऊन चालणारी माझी आत्या असेल, तर कुकर साडेदहालाच लागतो. रिक्षा, जिना, लोकल, पुन्हा जिना, टॅक्सी, फुटपाथ, पायऱ्या आणि मग खुर्ची. नाटकावर लिहिणारे पडदा उघडल्यानंतरचं लिहितात. ही टिपणं त्याच्या आधीची.

*

मुंबईच्या रंगभूमीचा इतिहास अंतराच्या हिशेबानेही मांडता येतो. १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाट्यगृह उभं राहिलं ते नाना शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर. तो भाग तेव्हा शहराच्या कडेला. साहेबलोकांना रात्री घोडागाडी जुंपून तिथवर जायचं जिवावर येई. हळूहळू त्यांची गर्दी ओसरली आणि आसपास राहणारे मराठी, गुजराती, पारशी प्रेक्षक आत आले. १८५३ मध्ये विष्णुदास भावे सांगलीहून मंडळी घेऊन आले आणि तिथे तिकीट लावून खेळ केले. मुंबईत कुणाचं नाटक चालणार, हे थोडंफार घोडागाडीनेही ठरवलं म्हणायचं.

*

त्याच १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. त्या रेल्वे कंपनीच्या संचालकांत नाना शंकरशेट होते. गाडीतल्या पाहुण्यांतही होते. नाट्यगृहाला जागा देणारा आणि शहरात रेल्वे आणणारा माणूस एकच. आज मुंबई सेंट्रलच्या भुयारी मेट्रो स्थानकाला नानांचं नाव आहे, आणि तिथून दोन स्थानकं पुढे गिरगाव. नाटकवाल्यांनी आणि रेल्वेवाल्यांनी अधूनमधून एका टेबलाशी बसायला हरकत नाही, एवढा पूर्वापार संबंध आहे.

*

रॉयल ऑपेरा हाउस. बांधकाम १९०९ मध्ये सुरू झालं. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज मुंबईला आले तेव्हा त्यांच्या हातून उद्घाटन उरकून घेतलं. काम मात्र त्यानंतरही चालूच होतं. कल्पना कलकत्त्याच्या मॉरिस बँडमनची, म्हणजे नाटकं-जलसे गावोगाव फिरवणाऱ्या माणसाची. जोडीला जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ. ससून कुटुंबाने आपल्या घरची झुंबरं दिली. आधी विलायती ऑपेरा, मग नाटकं, मग सिनेमा. १९५२ मध्ये वास्तू गोंडलच्या महाराजांकडे आली. १९९३ मध्ये पडदा पडला तो तेवीस वर्षांनी उघडला. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं पुन्हा उघडली तेव्हा पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

गंमत अशी की वास्तू बंद असतानाही तिचं नाव रोज हजारोंच्या तोंडी होतं. बसच्या कंडक्टरच्या, हिरेबाजारातल्या दलालांच्या, टॅक्सीवाल्यांच्या. आत एक दिवा लागत नव्हता, पण थांब्याला आणि अख्ख्या वस्तीला नाव तिचंच.

*

पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग ऑपेरा हाउसला होत. खेळ संपला की ते स्वतः दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. बाहेर पडणाऱ्याने हवं ते टाकावं. मान खाली कशाला, तर देणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून, असं सांगतात. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. कंपनीचा मालक दाराशी उभा राहिला की दारात काय चाललंय ते त्याला दिसतं: कोण धडपडतंय, कुणाला जिन्यावर हात द्यावा लागतोय, कोण खालूनच परत जातंय. आजचे निर्माते विंगेत असतात, नाहीतर फोनवर.

*

जायचं कसं? वेस्टर्नवरून येणाऱ्याला सोपं: चर्नी रोडला उतरायचं, पूर्वेला सैफी हॉस्पिटलच्या बाजूने बाहेर पडायचं. धडधाकट माणसाला तिथून ऑपेरा हाउस म्हणजे गप्पा मारत जाण्याचं अंतर. सेंट्रलवाल्यांची मात्र दादरशी गाठ. दादरचा पूल हे सेंट्रलवाल्यांच्या नशिबातलं पहिलं नाटक. पात्रं फार, प्रवेश-निर्गमन सतत, आणि दिग्दर्शक कुणीच नाही. वॉकर घेऊन त्या पुलावर चढायचं म्हणजे मागच्या शंभर जणांचे उसासे पाठीवर घ्यायचे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून एक वेगळी वाट निघाली आहे. दादरला उतरायचंच नाही. थेट सीएसएमटी गाठायचं, तिथून मेट्रोत बसायचं. काळबादेवी गेलं की गिरगाव. लिफ्ट आहे, गाडी आणि फलाट एका पातळीत आहेत, डब्यात व्हीलचेअर लावायला जागा आहे. वेळ जास्त जातो, तिकीट दोनदा काढावं लागतं. पण आत्याचं गणित वेगळं आहे. ती मिनिटं मोजत नाही, पायऱ्या मोजते. परतीला मात्र शेवटची मेट्रो कितीची ते आधीच बघून ठेवावं. रात्रीचं नाटक लांबलं तर लोकल उशिरापर्यंत असते, मेट्रो नाही.

*

लोकलमधला दिव्यांगांचा डबा. तो फलाटावर कुठे येतो हे कळावं म्हणून खूण असते, दृष्टिहीनांसाठी आवाजही असतो. डबा चांगला, बसायला जागाही मिळते. अडचण डब्याच्या दाराशी: फलाट आणि पायदान यांच्यातली फट, आणि गाडी थांबण्याचं ते अर्धं-पाऊण मिनिट. व्हीलचेअर लोकलमध्ये एकट्याने चढवता येत नाही; डब्यातली मंडळीच ती उचलून घेतात. सवयीची असतात. एकाने पुढची चौकट धरली की दुसरा न सांगता मागचे दांडे धरतो. मुंबईत रॅम्प कमी आहेत, हात पुष्कळ आहेत. पण हातांवर विसंबलेला माणूस गर्दीच्या वेळा टाळतो, म्हणजे संध्याकाळचं नाटक टाळतो.

*

टॅक्सी. काळी-पिवळी थांबली, आत्या पुढच्या सीटवर बसली, मी तिची लांब अंतरासाठी बरोबर ठेवलेली घडीची व्हीलचेअर घेऊन डिकीशी गेलो. डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी. उरलेल्या जागेत एक बादली, एक फडकं आणि गणपतीच्या वर्गणीची पावती. चालकाने खुर्चीकडे एकदा बघितलं, टपाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "टाकू वरती. दोरी हाय." कॅरिअरवर खुर्ची आडवी पडली, चाकं आभाळाकडे. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वर बघितलं, मग काचेतून आत बघितलं, कुणासाठी आहे ते शोधायला. आत्याने त्याला हात केला.

हे लिहून ठेवायचं कारण: ॲपवरून गाडी बोलावताना सीएनजी आहे की नाही ते कळत नाही, आणि व्हीलचेअर घेऊन नाटकाला निघालेल्या माणसाचा दिवस त्यावर ठरू शकतो. टपावर कॅरिअर असलेली काळी-पिवळी त्या बाबतीत नव्या चकचकीत गाड्यांपेक्षा भरवशाची.

*

फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून पालिका खांब रोवते. हेतू चांगला. पण दोन खांबांत अंतर इतकं कमी ठेवलं जातं की दुचाकी तिरकी करून निघते आणि व्हीलचेअर अडकते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या खांबांची स्वतःहून दखल घेतली. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाने न्यायालयाला ईमेल पाठवला होता. खुर्चीला किमान नव्वद सेंटिमीटर मोकळी वाट लागते. पाऊण मीटरचा आणि नव्वद सेंटिमीटरचा फरक म्हणजे वीतभर सुद्धा नाही. तेवढ्यावर एक माणूस रस्त्यावर उतरतो आणि बसच्या चाकाशेजारून जातो.

*

बुकिंगच्या खिडकीत प्लॅन असतो. जुन्या नाट्यगृहांत अजून कागदाचा, त्यावर क्लार्क पेन्सिलने फुल्या मारतो. मोबाइलवर बुकिंग करणाऱ्यांनाही प्लॅनच दिसतो, फक्त रंगीत. दोन्हीत एक गोष्ट सारखी: रांग कळते, नंबर कळतो, दर कळतो. पायऱ्या कळत नाहीत. तळमजल्यावरची पाचवी रांग दाराच्या पातळीत आहे की दारातून चार पायऱ्या उतरून, हे प्लॅनवर कुठेच नसतं.

पूर्वीचा क्लार्क हे न विचारता सांगायचा. "आजी आहेत का बरोबर? मग ही कडेची घ्या, दाराशी आहे, जाता येता बरं पडतं." त्याच्या डोक्यात दुसरा एक प्लॅन होता, पाठदुखीचा, गुडघ्यांचा, लहान मुलं घेऊन येणाऱ्यांचा. ॲपमध्ये तो उतरवून घ्यायचा राहिला.

*

तिकिटाच्या दराचं शास्त्र उलटं आहे. पुढच्या रांगा महाग आणि बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर. बाल्कनी स्वस्त आणि जिन्यावर. पेन्शनीत बसणारं तिकीट हवं तर गुडघे चढवायचे. गुडघे वाचवायचे तर पाचशे मोजायचे. नाट्यगृहं बांधली गेली तेव्हा बाल्कनीत तरुण बसतील असा हिशेब होता आणि तो खराही होता. आत्या गिरगावात राहायची तेव्हा बाल्कनीतच बसायची, वरून सगळा रंगमंच दिसतो म्हणून. ते प्रेक्षक म्हातारे झाले. बाल्कनी होती तिथेच आहे.

*

ऑपेरा हाउसमध्ये शिरलं की मान आपोआप वर जाते. घुमटाचे आठ भाग, कवी-नाटककारांना मानवंदना देणारे. सोनेरी नक्षी, बाजूचे बॉक्स, लाल मखमल. आसनं पावणेसहाशेच्या घरात, म्हणजे आपल्या हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहांपुढे घरगुतीच. सिनेमाच्या काळात आत बरीच तोडफोड झाली होती. जुनी छायाचित्रं शोधून, त्यांवरून मोजमापं काढून पुन्हा मूळ रूप आणलं. कारागिरांनी प्लॅस्टरच्या पानाफुलांसाठी घेतलेली मेहनत जवळून बघावी अशी आहे.

आणि हे बघताना एक विचार येतोच. जे दिसेनासं झालं होतं ते छायाचित्रांवरून पुन्हा घडवता येतं, तर जे कधीच नव्हतं ते घडवायला अडचण कसली? कोणत्याही वारसा इमारतीत लिफ्टचं नाव काढलं की मूळ रूप बिघडेल असं ऐकू येतं. मूळ रूपात विजेचा एअरकंडिशनर नव्हता, आगीची सूचना देणारी यंत्रं नव्हती, ऑनलाइन तिकीट नव्हतं. ती सगळी आली आणि कुणाची तक्रार नाही.

*

स्टॉल, ड्रेस सर्कल, बाल्कनी. विलायती नाट्यगृहाची ही उतरंड माणसांच्या उतरंडीवरून आली. लंडनच्या जुन्या नाट्यगृहांत तर वरच्या स्वस्त गॅलरीला जायला वेगळं दार आणि वेगळा जिना असायचा, बड्यांना धक्का लागू नये म्हणून. तिथल्या कितीतरी नाट्यगृहांत जमीन खणून प्रेक्षागृह खाली उतरवलेलं असतं. त्यामुळे रस्त्याच्या पातळीत येतो ड्रेस सर्कल, आणि स्टॉलला जायला जिना उतरावा लागतो. म्हणून व्हीलचेअरच्या जागा अनेकदा सर्कलच्या मागे किंवा बॉक्समध्ये. इमारती शे-दोनशे वर्षांच्या, अडचणी आपल्यापेक्षा कमी नाहीत. फरक एवढाच की त्यांच्या तिकिटाच्या पानावर लिहिलेलं असतं: या दारातून पायऱ्या नाहीत, त्या दाराला इतक्या; सोबत्याला सवलत; या नंबरवर फोन करा. अडचण तीच, पण घरी बसून कळते. लंडनला मुलाकडे गेलेले आपले आजी-आजोबा परत आल्यावर नाटकाचं कौतुक करतातच. या पानाचंही करावं.

*

रॅम्पचं गणित. उताराचं मान एकास बारा: एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. एक पायरी साधारण पंधरा सेंटिमीटर, म्हणजे एका पायरीला एक मीटर ऐंशी. तीन पायऱ्यांना पाच मीटर चाळीस. सात पायऱ्यांना साडेबारा मीटरच्या वर, शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा. गिरगावात साडेबारा मीटर मोकळी जागा कुणाच्या बापाने ठेवली आहे? म्हणून दोन-तीन पायऱ्यांपर्यंत रॅम्प, त्यापुढे उचलणारी यंत्रं, हा व्यवहारी मार्ग.

हे गणित न करता ओतलेले रॅम्प आपण सगळीकडे बघतो. तपासणीच्या आदल्या आठवड्यात सिमेंट टाकून पायऱ्यांची घसरगुंडी केलेली असते. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही. खाली मात्र फार वेगाने येते. एका नाट्यगृहात असा रॅम्प होता आणि त्याच्या वरच्या टोकाला कुंडी ठेवली होती. आत्या म्हणाली, "मी नाटक बघायला आले रे बाबा, रायगड चढायला नाही."

*

त्याच संध्याकाळचं आणखी एक. दोन डोअरकीपर मदतीला धावले आणि त्यांनी खुर्ची हातांना धरून उचलायला घेतली. घडीच्या व्हीलचेअरचे हात निघणारे असतात. एक हात खटकन सुटून डोअरकीपरच्या मुठीत आला, बिचारा पांढराफटक पडला. पायरी चढवायची रीत वेगळी: खुर्ची उलटी फिरवायची, बसलेल्या माणसाची पाठ पायऱ्यांकडे, मागच्याने दांडे धरून मागे कलवायची आणि मोठी चाकं एकेक पायरी ओढत न्यायची. पुढच्याने पायाजवळची पक्की चौकट धरायची, हलणारी पायपट्टी नाही. आणि सगळ्यात आधी बसलेल्या माणसाला विचारायचं, "उचलू का?" दहा मिनिटांत शिकवता येतं. नाट्यगृहाच्या नोकरांना अग्निशमनाची नळकांडी कशी उघडायची ते शिकवतात. त्याच दिवशी हेही शिकवावं.

*

नाटकाचा सेट टेम्पोतून येतो. फ्लॅट, लेव्हल, सोफा, दारं-खिडक्या, कधी अख्खा जिना. ते सगळं उचलून पायऱ्यांवरून नेणं परवडत नाही, म्हणून बहुतेक नाट्यगृहांना मागच्या अंगाला मोठं दार असतं, टेम्पोच्या फळीच्या उंचीचं किंवा उताराचं. एकदा एका बॅकस्टेजवाल्याने आमची अडचण बघून तो मार्ग सुचवला. "मागून या, मावशी. सोफा येतो तसा आणतो तुम्हाला." आम्ही दोरखंडांच्या, लाइटच्या पेट्यांच्या, इस्त्री करत बसलेल्या कपडेपटवाल्याच्या बाजूने रंगमंचावर आलो आणि तिथून प्रेक्षागृहात. आत्याला तो प्रवेश फार आवडला. पडद्याच्या आतून रिकाम्या खुर्च्या कशा दिसतात ते तिने पहिल्यांदाच बघितलं, मेकअप अर्धा झालेल्या नायिकेने तिला नमस्कार केला.

मला आवडलं आणि खटकलंही. सोफ्याच्या येण्याजाण्याचा विचार नकाशातच झाला होता. माणसाचा झाला नव्हता.

*

मध्यांतर. दहा मिनिटं म्हणतात, पंधरा होतात. बटाटेवड्याची रांग एकीकडे, बायकांच्या स्वच्छतागृहाची दुसरीकडे, आणि दुसरी नेहमी मोठी. व्हीलचेअर आत वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, दाराला नव्वद सेंटिमीटर, आणि दार बाहेर उघडणारं हवं. एवढं असलेलं स्वच्छतागृह असतंही कधीकधी. त्याला कुलूप असतं आणि किल्ली "साहेबांकडे". त्यात झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असतात.

आत्या आणि तिच्या मैत्रिणींनी यावर काढलेला उपाय असा: नाटकाच्या दिवशी दुपारपासून पाणी प्यायचं नाही. तीन-तीन तास तोंड कोरडं. या वयात ते बरं नाही हे त्यांनाही माहीत आहे. नाट्यव्यवसायाच्या कुठल्याही परिसंवादात मी हा मुद्दा ऐकलेला नाही.

*

जुनी नाट्यगृहं माइकच्या आधीची. छत असं घडवायचं की शेवटच्या रांगेला शब्द न् शब्द पोचावा; ऑपेरा हाउसचं नाव त्यासाठीही होतं. आता माइक आहेत, तरी कमी ऐकू येणाऱ्याची अडचण आवाज वाढवून सुटत नाही. कानातलं यंत्र सभागृहातला सगळाच आवाज मोठा करतं: संवाद, शेजाऱ्याचा खोकला, वेफर्सची पिशवी. त्यावर तोडगा आहे. प्रेक्षागृहात तारेचं वेटोळं बसवतात, रंगमंचाचा आवाज त्यातून थेट कानातल्या यंत्रात जातो. यंत्रात मात्र ती सोय हवी. विकत घेताना 'टी-कॉइल आहे का' एवढं विचारायचं. भिंत फोडावी लागत नाही, वारसा बिघडत नाही.

*

स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' बसवलं. प्रयोग बघताना हे कलाकार रंगमंचावर ज्या बिनचूकपणे फिरतात त्यावरच नजर खिळते. डोळस नटाला प्रकाशाचा ठिपका दिसतो. इथे जागा अंगात मुरवावी लागते, पावलांनी, आवाजाच्या दिशेने. रंगमंचावर दृष्टिहीन माणूस इतका मोकळा वावरू शकतो, तर फोयरमध्ये त्याला अडखळायला काय होतं? एकच: रंगमंच नटासाठी आखून घेतलेला असतो. फोयरमध्ये आज इथे स्टॅंडी, उद्या तिथे पुस्तकांचं टेबल.

*

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, १९१५ चं, शेजारी खासबागचं कुस्तीमैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. नशीब एवढंच की आत प्रेक्षक नव्हते. पुनर्बांधणीच्या चर्चेत 'जसं होतं तसं' हा आग्रह आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. बाहेरून जसं होतं तसं जरूर करावं. पण जळाल्यावर पुन्हा बांधताना मिळते तशी संधी चालत्या नाट्यगृहाला कधीच मिळत नाही. माणसं आत न्यायचा बिनपायऱ्यांचा मार्ग हाच आग लागल्यावर माणसं बाहेर काढायचा सर्वांत जलद मार्ग असतो. धडधाकटांनाही.

*

कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६: नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सध्याच्या सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायच्या. ती मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती मार्गदर्शक तत्त्वं पुरणार नाहीत, किमान निकष बंधनकारक करा. कायदा आणि कुंडी यांच्यामध्ये नाट्यगृहाचा व्यवस्थापक उभा असतो. त्याच्याकडे दोन्हीसाठी बजेट नाही. कुंडी आधीच होती.

*

गिरगावातलं दुसरं घर: केळेवाडीतलं साहित्य संघ मंदिर. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा. त्यांचं नाट्यगृह १९६४ चं, डॉ. अ. ना. भालेराव यांच्या नावाचं. त्याच १९६४ च्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली. तेव्हा गिरगावकराला संघाच्या नाटकाला ट्रामही लागत नव्हती. चाळीतून खाली उतरलं की नाटक. मध्यांतरात घरी जाऊन दूध तापवून येणाऱ्या बायका आत्याने बघितल्या आहेत.

मग चाळींच्या जागी टॉवर आले, मेट्रोसाठीही काही इमारती गेल्या, आणि माणसं बोरिवली, डोंबिवली, विरारकडे पांगली. नाटकंही त्यांच्या मागोमाग ठाणे, कल्याण, बोरिवलीच्या नाट्यगृहांत गेली. घोडागाडीचाच हिशेब, गाडी तेवढी बदलली. आता ज्यांना उठवून मेट्रो झाली, त्यांना त्याच मेट्रोने नाटकाला परत यायचं आहे. आलेच तर लिफ्टने यावं लागणार, कारण ती सगळी साठीच्या पुढची आहेत.

*

फोन करून विचारायचे प्रश्न. हे पान फाडून ठेवलं तरी चालेल.

गाडी दारापर्यंत येते की फाटकापर्यंत? फाटकापासून पहिल्या दरवाजापर्यंत पायऱ्या किती? आत खुर्चीपर्यंत किती? कठडा आहे का, कुठल्या बाजूला? व्हीलचेअर खुर्चीशेजारी ठेवता येईल की बाहेर ठेवून दुसऱ्या खुर्चीत बसायचं? बाहेर ठेवली तर कुणाच्या ताब्यात? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, आणि किल्ली कुणाकडे? मध्यांतर नक्की किती मिनिटांचं? लिफ्ट असल्यास नाटक सुटल्यावर चालू असते ना? (लिफ्टमन साडेआठला घरी जातो, असं उत्तर एकदा ऐकलं आहे.)

फोन उचलणाऱ्याला यातलं निम्मं माहीत नसतं. तरी विचारावं. पाच जणांनी विचारलं की सहाव्या वेळी तो उत्तर शोधून ठेवतो.

*

आत्याचं एक निरीक्षण. "आम्ही चार म्हाताऱ्या तिसऱ्या घंटेआधी बसलेल्या असतो. उशिरा येऊन अंधारात पाय तुडवत जातात ते सगळे धट्टेकट्टे."

*

वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान हे मराठी माणसाचं खास वाचन. निर्मात्याला चौकटीतली जागा मोजून विकत घ्यावी लागते, म्हणून शब्द तोलून वापरले जातात. तरी 'वातानुकूलित'ला जागा निघते, 'शेवटचे काही प्रयोग'ला निघते, कलाकारांच्या नावाआधीच्या विशेषणांना तर हमखास निघते. माझी मागणी दोन आकड्यांची आहे. नाट्यगृहाच्या नावापुढे छापा: रस्त्यापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती, आणि व्हीलचेअरच्या जागा किती. पहिला आकडा बारा असला तरी छापा, दुसरा शून्य असला तरी छापा. बारा वाचून आत्या ठरवेल जायचं की नाही. आणि शेजारच्या चौकटीत दुसऱ्या कुणी शून्य पायऱ्या छापल्या, तर बारावाल्यांना पुढच्या रविवारच्या आत सुतार बोलवावा लागेल.